जागच्या जागी : अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातील पायवाटा



दिवसभराच्या वैशाखातल्या उकाड्याने जीव कासावीस झाल्यावर सायंकाळी दोन घटका गार वाऱ्यात बसावे म्हणून आपण येथे आलात, आणि आम्ही मात्र आपल्याला वाळवंटात घेऊन निघालो आहोत. हा प्रकार कोणाला आगीतून फुफाट्यात नेण्यासारखा वाटेल. तरीही तासाभरासाठी आपण आमच्याबरोबर चालावे अशी आमची विनंती आहे. वाट फार चढाची नाही आणि तहान लागलीच तर मंडपाच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ आहे.

'वाळवंट' म्हटले की मराठी माणसाला आधी चंद्रभागेचे वाळवंट आठवते. त्यानंतर आठवते ते शाळेच्या भूगोलातले : वाळूच्या टेकड्या, उंटांचा तांडा आणि दूरवर खजुरीची दोनचार झाडे. आज ज्या वाळवंटाविषयी आम्ही बोलणार आहो ते या दोहोंपेक्षा निराळे आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्येस अ‍ॅरिझोना नावाचे राज्य आहे. त्याच्या दक्षिण भागात, कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात आणि सरहद्दीपलीकडे मेक्सिकोत सोनोरन वाळवंट पसरलेले आहे. त्यात वाळूच्या टेकड्या थोड्या ठिकाणीच आढळतात. बाकी सारा प्रदेश खडकाळ डोंगरांचा, मुरमाड उतारांचा, आणि आश्चर्य वाटेल, पण झाडांचा आहे. टूसॉन शहरी वर्षाकाठी सुमारे ११ ते १२ इंच पाऊस पडतो, फिनिक्सला त्याहूनही कमी. आपल्या पुण्याच्या निम्म्याहून कमी असा हा पाऊस दोन हप्त्यांनी येतो. हिवाळ्यात रिमझिम आणि जुलै ते सप्टेंबर गडगडाटासह धो धो. या उन्हाळी पावसाला तिकडचे लोकही 'मान्सून'च म्हणतात. दोन हप्त्यांच्या या तुटपुंज्या मिळकतीवर तिथली सृष्टी जो संसार करते तो पाहिला म्हणजे काटकसर हा शब्द आपण किती स्वस्तात वापरतो ते कळते.

या प्रदेशातून चालण्याच्या पायवाटा आखलेल्या आहेत. चालणाऱ्याने पहाटे निघावे, पाणी भरपूर बरोबर घ्यावे, हात कोठे टेकतो आणि पाऊल कोठे पडते इकडे लक्ष ठेवावे, कारण खडकाच्या सावलीची गरज आपल्याइतकीच खुळखुळ्या सापालाही असते. कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम करू नये. पाऊस दूरच्या डोंगरावर पडतो आणि लोंढा इथे येतो. आणि मुख्य म्हणजे वाट सोडू नये. या शेवटच्या नियमाकडे आम्ही पुन्हा वळणारच आहो.

वाटेवर प्रथम नजरेत भरतो तो सवारो. या नावाच्या लेखनात मधे एक 'ग' असतो, पण बोलताना तो गळतो. निवडुंगाच्या कुळातला हा राजा चाळीस-पन्नास फूट उंच वाढतो आणि दीडदोनशे वर्षे जगतो. पण त्याची वाढ किती मंद म्हणाल, तर पहिल्या आठ वर्षांत एक ते दीड इंच! तो खांबासारखा सरळ वाढतो, आणि पहिला हात फुटावयास साधारणपणे पाऊणशे ते शंभर वर्षे लागतात. त्याच्या अंगावर उभ्या चुण्या असतात. पाऊस पडला की पेटीच्या भात्याप्रमाणे त्या फुगतात आणि पाण्याचा साठा होतो. पुढे महिनोन् महिने तो साठा पुरवून पुरवून वापरला जातो आणि भाता हळूहळू मिटत येतो. त्याची बहुतेक मुळे जेमतेम चारसहा इंच खोल असतात, पण झाड जितके उंच तितकी ती चहूबाजूंना लांब पसरतात. पाऊस वरवर भिजवतो, म्हणून मुळेही वरवर.

एवढा हा बलदंड वृक्ष, पण त्याचे बाळपण मोठे परावलंबी असते. कडक ऊन आणि हिवाळ्यातला गारठा यांत उघड्यावर पडलेले रोप सहसा वाचत नाही. वाचते ते दुसऱ्या झाडाच्या सावलीतले. अशा झाडाला तिकडे 'दाई झाड' म्हणतात. हे दाईपण बहुधा पालो व्हर्दे किंवा मेस्कीट करतो. पालो व्हर्दे म्हणजे स्पॅनिश भाषेत हिरवी काठी. दुष्काळात हा पाने टाकून देतो आणि हिरव्या सालीनेच अन्न तयार करतो. मेस्कीट म्हणजे आपल्या शमीच्या गोतातला, आणि आपल्याकडे माळरानावर माजलेल्या वेड्या बाभळीचा सख्खा भाऊ. त्याच्या शेंगांचे पीठ तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या खात आले.

सवारो मोठा झाला की तोही यजमान होतो. सुतार पक्षी त्याच्या अंगात घरटे कोरतात. ते निघून गेले की त्या ढोलीत चिमुकले घुबड राहावयास येते. मे-जूनमध्ये रात्री फुलणारी त्याची पांढरी फुले दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्या वेळात रात्री वटवाघळे आणि दिवसा पारवे व मधमाश्या परागवहनाचे काम उरकून घेतात. ऐन उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर, त्याची फळे पिकतात. तोहोनो ओओधम लोक सवारोच्याच वाळलेल्या फासळ्यांची लांब काठी करून ती फळे पाडतात, त्यांचा पाक करतात, आणि त्यापासून केलेल्या पेयाने पावसाला बोलावण्याचा विधी करतात. या फळांच्या हंगामापासून त्यांचे नवे वर्ष सुरू होते. पावसाची वाट पाहणारे वर्ष कसे असते, हे दख्खनच्या पठारावर राहणाऱ्यांना वेगळे समजावून सांगावयास नको.

आता आपण टोंटो येथील वाट चढू या. फिनिक्सच्या पूर्वेस, डोंगरांच्या आत, १९०७ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवलेली ही जागा आहे. अर्ध्या मैलाची वाट आणि साडेतीनशे फुटांची चढण. दोहो बाजूंना सवारो आणि काटेरी चोया, आणि माथ्याजवळ कपारीत वसलेली घरे. तेराव्या ते पंधराव्या शतकांत येथे राहिलेल्या लोकांना संशोधक 'सलाडो' म्हणतात. सॉल्ट नदीच्या स्पॅनिश नावावरून दिलेले हे नाव आहे. ते स्वतःला काय म्हणत ते भिंतींवर लिहिलेले नाही. दगडमातीच्या भिंती, चुलीच्या धुराने काळवंडलेले छत, मातीच्या लिंपणात उमटलेले बोटांचे ठसे. कापसाचे विणलेले वस्त्र आणि रंगीत नक्षीची मडकी येथे सापडली आहेत. समोर दरीत मोठा जलाशय चमकतो. १९११ साली पुऱ्या झालेल्या रूझवेल्ट धरणाचे ते पाणी असून त्याखाली जुनी शेते व वस्त्या बुडालेल्या आहेत.

येथे मान वर करून छताकडे पाहावे. मोठ्या लाकडी तुळया, त्यांवर आडव्या घातलेल्या सवारोच्या फासळ्या, आणि त्यांवर मातीचा थर. म्हणजे खाली वाटेवर जे झाड आपण पाहिले तेच वर घराचे छत झालेले आहे. घायपाताच्या व तत्सम झाडांच्या तंतूंच्या चपला होत्या, मेस्कीटच्या शेंगांचे पीठ होते, सवारोच्या फळांचा पाक होता. तेव्हा वनस्पती हा एक विषय आणि भग्नावशेष हा दुसरा, अशी जी फाळणी आपण करतो ती या वाटेवर टिकत नाही. घर हे त्या डोंगराचेच एक उगवण होते.

तेथून खाली सपाटीवर उतरले की दुसरा चमत्कार दिसतो. फिनिक्सच्या परिसरात होहोकाम नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी सॉल्ट आणि हिला या नद्यांतून कालवे काढले होते. एकदोन नव्हे, शेकडो मैल लांबीचे! लोखंडी अवजार नाही, ओढावयास बैल नाही. हातातली लाकडी कुदळ आणि पाण्याच्या उताराची अचूक जाण, एवढ्यावर हे काम झाले. त्यांपैकी कित्येकांचा माग धरून पुढे १८६७ नंतर नव्या वसाहतवाल्यांनी आपले कालवे खोदले. जुन्या राखेतून नवे नगर उठते म्हणून त्यांनी शहराला फिनिक्स या पुराणातल्या पक्ष्याचे नाव दिले. दक्षिणेस कासा ग्रांदे येथे याच लोकांची चार मजली मातीची इमारत आजही उभी आहे. तळाशी भिंतींची जाडी सुमारे चार फूट. ही वास्तू चौदाव्या शतकातली. १८९२ साली तिला संरक्षण मिळाले. अमेरिकेत प्रागैतिहासिक अवशेष राखण्याचा तो पहिलाच सरकारी प्रसंग. १९३२ साली तिच्यावर पोलादी छप्पर उभारण्यात आले.

पंधराव्या शतकात ही मोठी गावे ओस पडली. का, याची चर्चा आजही चालू आहे : पूर, दुष्काळ, खारावलेली जमीन, आपसातील कलह. पण यावरून एक गोष्ट मात्र फार दिवस ठासून सांगितली गेली, ती ही की, 'ते लोक नाहीसे झाले.' पर्यटकाला हे वाक्य फार आवडते. त्यात गूढ आहे आणि सोयही आहे, कारण धनीच नाही म्हटल्यावर घर कोणाचेही होते! वस्तुतः ओओधम लोक तेथेच आहेत, आणि हे आमचे पूर्वज, असे ते सांगतात. 'होहोकाम' हा शब्दच मुळी त्यांच्या भाषेतला, निघून गेलेल्या वाडवडिलांसाठीचा. उत्तरेकडील होपी लोक तर अशा ओसाड गावांना, खापरांना आणि खडकांवरील चित्रांना पूर्वजांच्या पाऊलखुणा म्हणतात. आम्ही या वाटेने गेलो, याची ती नोंद. नोंद म्हटल्यावर ती जागच्या जागी असावी लागते. सातबाराच्या उताऱ्यावरील गट क्रमांक खोडून टाकला तर उतारा कोणत्या कामाचा?

नावांचीही अशीच गंमत आहे. व्हर्डी नदीच्या खोऱ्यातील एका कड्यात वीसेक खोल्यांचे एक सुंदर घर आहे. त्याला 'माँटेझुमाचा किल्ला' म्हणतात. माँटेझुमा हा मेक्सिकोचा राजा तेथे कधी आला नाही, आणि तो किल्लाही नाही! पण येणाऱ्याला राजा आणि किल्ला हवा असतो. हे घर पाहावयास लोक शिड्यांवरून आत चढत. शेवटी इतकी नासधूस झाली की १९५१ साली आत जाणे बंद करावे लागले. आज खालूनच पाहावे लागते. पाहण्याच्या हौसेनेच पाहण्याची वाट बंद केली.

येथे कोणी विचारील की, एक खापराचा तुकडा खिशात घातला तर असे काय मोठे बिघडते? त्याचे उत्तर एका जळक्या लाकडात आहे. अँड्र्यू डग्लस नावाचे ज्योतिर्विद सूर्यावरील डागांचा अभ्यास करीत होते. त्यासाठी ते झाडांच्या वार्षिक वलयांकडे वळले. ओल्या वर्षी वलय रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. जिवंत झाडांपासून मागे मागे जात त्यांनी वर्षांची एक माळ ओवली. जुन्या घरांतील तुळयांवरून दुसरी माळ ओवली. पण दोहोंच्या मध्ये दुवा नव्हता, म्हणून कोणते घर कोणत्या साली बांधले ते सांगता येईना. १९२९ सालच्या जूनमध्ये शो लो या गावी उकरताना एक जळका तुळईचा तुकडा सापडला. त्याची वलये १२३७ पासून १३८० पर्यंतची निघाली. दुवा जुळला, आणि त्या सगळ्या प्रदेशातील कित्येक घरांची साले एका रात्रीत कळली. १२७६ ते १२९९ असा दीर्घ दुष्काळ पडला होता हेही त्या वलयांनीच सांगितले. आता विचार करा, तो काळाठिक्कर तुकडा कोणी शेकोटीत घातला असता, किंवा आठवण म्हणून घरी नेऊन कपाटात ठेवला असता, तर? कपाटातले लाकूड हे नुसते लाकूड. जागच्या जागी असलेले लाकूड म्हणजे साक्षीदार.

जी गोष्ट खापराची तीच झाडाची. सवारो उपटून बंगल्यापुढे लावणारे चोर तिकडे निघतात. म्हणून राष्ट्रीय उद्यानातील काही सवारोंच्या अंगात ओळख पटविणारी सूक्ष्म चकती बसविलेली आहे. आणि वाट का सोडू नये म्हणता? त्या मातीवर सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफुले यांचा एक काळपट पापुद्रा असतो. तो माती धरून ठेवतो. बुटाखाली तो चुरला की पुन्हा जमावयास वर्षे, कधी कधी दशके लागतात. वाऱ्यापावसाच्या आपल्या देशात पाऊल पुसून जाते. तेथे ते राहते.

आता आमच्या विषयाचे सर्वांत नाजूक स्थळ. आपल्या कोरडवाहू मुलखात आणि राजस्थानात अंजन नावाचे गवत आहे. गुरांचा चांगला चारा. आफ्रिकेतही ते आढळते. १९३० नंतरच्या काळात धूप थांबावी आणि गुरांना चरावयास मिळावे या सद्हेतूने ते अ‍ॅरिझोनात नेले गेले. आज तेच गवत तेथे सवारोचा काळ होऊन बसले आहे. तिथल्या झाडांमध्ये मोकळी जमीन असते, म्हणून वणवा पसरत नसे, आणि म्हणूनच सवारोला आगीपासून बचाव करण्याची कला अवगत नाही. अंजनाने ती मोकळी जमीन भरून काढली. वाळलेल्या गवतातून आग झाडापासून झाडाकडे जाऊ लागली. टूसॉनचे नागरिक सुट्टीच्या दिवशी कुदळी घेऊन डोंगरावर जातात आणि ते मुळासकट उपटतात. उलट, फड्या निवडुंग अमेरिकेतून आपल्याकडे आला आणि एके काळी त्याने शेते व गायराने गिळली. त्यावर जगणारा किडा आणला तेव्हा कोठे त्याचा जोर ओसरला. आपल्या बांधावरचे घायपातही तिकडचेच. इकडचा सज्जन तिकडे दुर्जन होतो, आणि तिकडचा इकडे!

पण म्हणून परके ते सारे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या ताटातली मिरची आणि कणीस अमेरिका खंडातूनच आले. त्या कपारीतल्या घरांतसुद्धा जो मका शिजत होता तो मुळात दक्षिणेकडून, मेक्सिकोतून, हातोहात आलेला होता. तेव्हा मूळचे कोण आणि परके कोण, हे जन्माच्या दाखल्यावरून ठरत नाही. ते देवाणघेवाणीवरून ठरते. जो सावली घेतो आणि पुढे सावली देतो, ढोली देतो, फळ देतो, पावसाची वाट पाहतो, तो तेथला. जो नुसती जागा व्यापतो तो हजार वर्षांनीही परकाच. ही कसोटी झाडांना लागू आहे, आणि पायवाटेने जाणाऱ्या आपल्या-आम्हांलाही लागू आहे.

अमेरिकेने १९०६ साली पुरावशेषांच्या रक्षणाचा कायदा केला, १९७९ साली तो अधिक कडक केला, आणि १९९० साली पूर्वजांच्या अस्थी व पवित्र वस्तू त्यांच्या वंशजांना परत करण्याचा कायदा केला. आपल्याकडेही १९५८ आणि १९७२ चे कायदे आहेत. कायदा हवाच. पण प्रत्येक कपारीपाशी शिपाई उभा करता येत नाही. खरा पहारा चालणाऱ्याच्या मनात असावा लागतो.

२०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, आणि आपल्या सर्वांची छाती फुगली. ती फुगावीच. पण त्याच किल्ल्यांच्या तटावर खिळ्याने कोरलेली नावे कोणाची आहेत? परदेशी चोरांची नव्हेत. ती देवनागरीत आहेत. लेण्यातल्या खांबावर बदाम कोरणारा हात आपल्याच गावचा आहे. टाक्यात टाकलेली बाटली आपल्याच दुकानातली आहे. किल्ला पाहावयास जाताना आपण दगड पाहतो. त्या दगडात उगवलेले झाड, त्या झाडाचे नाव सांगणारा पायथ्याचा धनगर, आणि त्याच्या आजोबांनी सांगितलेली वाट, हे सारे मिळून तो किल्ला होतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

घायपाताचा दोर आपल्याकडे वळला गेला आणि तिकडे त्याच जातीच्या तंतूंच्या चपला विणल्या गेल्या. असा हा आपला आणि त्यांचा दूरचा ऋणानुबंध आहे. या सुट्टीत आपण कोठेही चालावयास जा. कपार दिसली तर दुरून नमस्कार करा. खापर सापडले तर हातात घेऊन पाहा, त्यावरची नक्षी मुलांना दाखवा, आणि जेथून उचलले तेथेच अलगद ठेवा. झाडाचे नाव गावकऱ्याला विचारा. आपल्या मागून येणाऱ्याला, मग तो उद्या येवो की शंभर वर्षांनी येवो, सगळे जागच्या जागी सापडले पाहिजे. आज पहिला हात फुटत असलेला सवारो रुजला तेव्हा त्याच्यापाशी पाऊल न टाकणारा कोणीतरी होता, म्हणूनच आपल्याला तो दिसतो आहे.